मदत हवी आहे: सतत हरणाऱ्या टीमवर जीव लावलेल्या मुलाला कसं सावरू?

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोत राहतो. माझा मुलगा इथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमचा कट्टर चाहता आहे आणि सध्या फार खचलाय. 2023 मध्ये 101 पराभव, 2024 मध्ये 121, 2025 मध्ये परत 102. त्यातले 121 म्हणजे आधुनिक काळातला मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा) नकोसा विक्रम. 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचे 120 सुद्धा मागे पडले. 2024 मध्येच ओळीने 21 सामने हरले, तेव्हा पोरगं धड जेवतही नव्हतं. मग त्याचा लाडका पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे बॉस्टनच्या टीमला दिला. वर्गातली बहुतेक मुलं शिकागोच्याच दुसऱ्या टीमची, म्हणजे कब्जची चाहती, आणि कब्ज 2025 ला प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) गेले.

"टीम बदल" असं मी त्याला सांगणार नाही. ही निष्ठा मला मोलाची वाटते. 2005 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, याच टीमने 88 वर्षांनी जिंकली होती, पण ती त्याच्या जन्माआधीची गोष्ट, तिचा त्याला काय आधार?

क्रिकेटची मालिका हरली की विषय संपतो. इथे 162 सामने, सहा महिने जवळजवळ रोज.

कुणी अशा टीमबरोबर वर्षं काढली आहेत का? निकालापलीकडे मुलांना कशात रमवलंत? हाताने स्कोअरकार्ड लिहायला शिकवावं, की बर्मिंगहॅम बॅरन्स या व्हाइट सॉक्सच्या खालच्या लीगमधल्या टीममध्ये घडणाऱ्या नव्या खेळाडूंकडे लक्ष वळवावं? आणि पराभवाच्या रात्री त्याच्याशी बोलावं की गप्प राहावं?