संगोपनासाठी येणाऱ्या मुलांकरिता घराची तयारी

प्रश्न : आमच्याकडे फॉस्टर केअरसाठी (म्हणजे आईवडिलांकडे राहू न शकणाऱ्या मुलांचा काही काळ आपल्या घरी सांभाळ करण्यासाठी) सात वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ येणार आहेत. दोघांसाठी स्वतंत्र खोल्या सजवून ठेवाव्यात, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर १ : सजावटीची घाई करू नये. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असे मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही म्हटले आहे. घरातही निदान सुरुवातीला, मुले सोपवणाऱ्या संस्थेचे नियम आड येत नसतील तर, दोघांना एकाच खोलीत झोपवावे. औषधे आणि फिनाईल मात्र आजच कुलूपबंद करा.

उत्तर २ : आमच्याकडे आलेल्या मुलाने सोबत एक मळकट पांघरूण आणले होते, आणि मी उत्साहाच्या भरात ते पहिल्याच दिवशी धुऊन टाकले. ओळखीचा वास गेल्यामुळे तो रात्रभर ते नाकाशी धरून रडत राहिला. तेव्हा मुलांच्या वस्तू त्यांना विचारल्याशिवाय धुऊ नयेत, टाकू तर मुळीच नयेत. पुढे उशीखाली पोळीचे तुकडे सापडू लागले, तेव्हा न रागावता आम्ही त्याला झाकणाचा एक डबा दिला आणि तो रोज भरून ठेवला. उपाशी राहिलेली मुले असे अन्न लपवतात. ती चोरी नव्हे.

उत्तर ३ : रात्री स्वच्छतागृहापर्यंतचा दिवा चालू ठेवावा. आईवडिलांचा फोटो लावायचा की नाही, हे मुलांनाच ठरवू द्यावे.