हृदय प्रत्यारोपणानंतरची औषधे: रात्रीचा डोस टाळता येईल का?

धागाकर्ता: बाबांच्या हृदय प्रत्यारोपणाला चार वर्षे झाली. शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट, सकाळी प्रेडनिसोलोन, शिवाय रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या असा क्रम आहे. सकाळचा डोस तोंड धुतल्याबरोबर घेतला जातो, म्हणून तो कधी चुकत नाही. रात्रीचा मात्र लग्नघरी किंवा एसटीत असताना राहून जातो. टॅक्रोलिमसची दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल मिळत असताना रुग्णाला घड्याळाला बांधून का ठेवावे?

प्रतिसाद १: मी असहमत आहे. दोन वेळांपैकी एक डोस राहिला तर निम्मा दिवस जातो. एकच डोस असेल आणि तोच राहिला तर पूर्ण दिवस जातो. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे रिजेक्शन (शरीराने नवे हृदय नाकारणे) सुरू झाल्याचे छातीत दुखून कळेलच असे नाही. खात्रीसाठी बायोप्सीच, म्हणजे हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते. शिवाय अमेरिकेत या दीर्घकाळ विरघळणाऱ्या टॅक्रोलिमसला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी, हृदयासाठी नव्हे. आणि मायकोफेनोलेट दोन वेळा घ्यावेच लागणार असेल, तर रात्रीचा गजर बंद कसा होणार?

प्रतिसाद २: मायकोफेनोलेटचा मुद्दा बिनतोड आहे, तरीही ‘जसे आहे तसेच चालू द्या’ हा निष्कर्ष मला पटत नाही. मी स्वतः प्रत्यारोपित आहे. पहिल्या काही महिन्यांपुरती दिलेली संसर्गरोधक गोळी मुदत संपल्यावरही माझ्या चिठ्ठीत तशीच राहिली होती, आणि ॲसिडिटीसाठी मी आपल्या मनाने घेत असलेल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या औषधामुळे मायकोफेनोलेट कमी शोषले जाते, हे मला फार उशिरा कळले. माझ्या मते सुलभीकरणाची सुरुवात अशा छाटणीपासून व्हावी. कॅप्सूल बदलायचीच झाली तर ती डॉक्टरांनी बदलावी आणि त्यानंतर रक्तातील टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे प्रमाण, पुन्हा तपासावी.

धागाकर्ता: लेव्हलवरून आठवले. ते रक्त सकाळच्या डोसाआधी द्यायचे असते. गेल्या खेपेस बाबांनी सवयीने आधी कॅप्सूल घेतली आणि मग रक्त दिले. आकडा फुगून आला. त्या आकड्यावर कोणी डोस कमी केला असता तर? सुदैवाने आईने ते वेळीच सांगितले. सवयीचा असा तोटाही आहे, हे मान्य करतो. तरीही पुढच्या भेटीत एकदाच्या कॅप्सूलविषयी विचारणारच आहे, आणि औषधांची पूर्ण यादी, ॲसिडिटीच्या बाटलीसकट, सोबत नेणार आहे.

प्रतिसाद १: अवश्य न्या. तोवर रात्री आठचा गजर तेवढा चालू ठेवा.