मदत हवी आहे: २९ वर्षांच्या भावाला हार्ट अटॅक, रक्तात गुठळ्या होण्याचा आजार निघाला

नमस्कार. आम्ही वाळपईचे. गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या छातीत कळ आली. सिगारेट नाही, शुगर नाही, म्हणून गॅस समजून आम्ही ओवा दिला आणि दोन तास घालवले. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत. आरोग्य केंद्रात ईसीजी काढून लगेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि १०८ने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवलं.

अँजिओग्राफीत चरबीचा थर नाहीच, एका धमनीत नुसती गुठळी. स्टेंट घातला नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पायाच्या शिरेतही गुठळी झाली होती. तेव्हा एका खाजगी डॉक्टरांनी सहा महिन्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण कोणी शोधलंच नाही. आता गुठळ्या घडवणाऱ्या अँटिबॉडींच्या चाचण्या केल्या: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, तिन्ही पॉझिटिव्ह. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्याच अँटिबॉडींमुळे रक्तात गुठळ्या होतात तो आजार) असावा म्हणतात, १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून पक्कं करतील. सध्या अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन चालू, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३मध्ये ठेवायचा.

त्याची नोकरी वेर्ण्याला. रक्त तपासायला सारखी रजा कोण देणार? ओळखीचे एक जण म्हणतात, रिवारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घ्या, आयएनआरची कटकटच नाही. डॉक्टरांना विचारू का? आणि पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केमुळे अ‍ॅसिट्रॉमचा असर कमी होतो म्हणे, मग तांबडी भाजी कायमची बंद करायची का? आईने तर परसातली उपटून टाकायला घेतलीय.

प्रतिसाद:
ताई, मला हाच आजार आहे, सात वर्षं झाली. विचारा जरूर, पण गोळी स्वतःहून बदलू नका. तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत अभ्यास झाला होता, २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. रिवारोक्साबॅनवाल्यांना वॉरफरिनवाल्यांपेक्षा जास्त स्ट्रोक आणि अटॅक आले, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. अ‍ॅसिट्रॉम वॉरफरिनच्याच जातीचं.

भाजी उपटू नका. दर आठवड्याला साधारण सारखीच खाऊ दे. माझा घोळ श्रावणात व्हायचा. नुस्तें (मासे) बंद, रोज तायकिळो (पावसाळी रानभाजी) नाहीतर तांबडी भाजी, की आयएनआर खाली. आता श्रावण लागला की आधीच तपासून घेते. अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि पुन्हा चाचणी करताना अ‍ॅसिट्रॉम चालू आहे हे लॅबला सांगा, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा रिपोर्ट त्याने फसवा येऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ती:
लॅबला सांगायचं आम्हाला सुचलंच नसतं. शुक्रवारी ओपीडी आहे, जुन्या पायाच्या गुठळीचे कागद शोधून नेते. आईला भाजीचं सांगितलं, ती रडायलाच लागली.