मदत हवी आहे: स्टाफच्या स्वतःच्या फोनवरची ड्रॉइंग सुरक्षित कशी ठेवायची? (अंबड, नाशिक)

अंबड_लिंकरोड
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे. ऑफिस, क्वालिटी, सेल्स मिळून ३८ जण स्वतःच्या फोनवर मेल आणि ड्रॉइंग बघतात. ३१ अँड्रॉइड, बाकी आयफोन. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डवर. "सुपरवायझरचा फोन हरवला तर आमच्या ड्रॉइंगचं काय?" असं कस्टमरच्या ऑडिटरने विचारलंय आणि उत्तर लेखी हवंय. फोनवर कंपनीचं काही टाकायचं म्हटलं की पोरं बिथरतात: गॅलरी दिसणार का, लोकेशन दिसणार का. वायफायला मॅक अ‍ॅड्रेसची यादी लावलीय (यादीतल्या फोनलाच प्रवेश), तीही सारखी अडते. सगळ्यांना कंपनीचे फोन देणं परवडणार नाही.

सिन्नर_फाटा
फोन ताब्यात घेऊच नका, फक्त अ‍ॅपमधला कंपनीचा डेटा ताब्यात ठेवा. त्यासाठी इंट्यूनची (मायक्रोसॉफ्टची फोन आणि त्यातला कंपनीचा डेटा सांभाळायची सेवा) अ‍ॅप प्रोटेक्शन पॉलिसी लागते. ती स्टँडर्डमध्ये मिळत नाही, बिझनेस प्रीमियममध्ये मिळते. ३०० युजरपर्यंत चालतं, आणि फोन वापरणाऱ्या ३८ जणांनाच प्रीमियम दिलं तरी भागतं.

पॉलिसी आउटलुक, टीम्स, वनड्राइव्ह, एज आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरला लावा. कंपनीचा डेटा फक्त पॉलिसीतल्या अ‍ॅपमध्ये जाईल, कॉपी-पेस्ट बाहेर बंद, फोनमध्ये सेव्ह करणं बंद, अ‍ॅप उघडायला पिन किंवा बोट, रूट केलेल्या (सुरक्षा कुलूप तोडलेल्या) फोनवर प्रवेश नाही. अँड्रॉइडवर स्क्रीनशॉटही बंद करता येतो. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ ड्रॉइंग) फाइल फोनवर देऊच नका. बहुतेक व्ह्यूअर ही पॉलिसी मानत नाहीत, पीडीएफ करून वनड्राइव्हमध्ये ठेवा.

अँड्रॉइडवर कंपनी पोर्टल आणि आयफोनवर ऑथेंटिकेटर (दोन्ही मायक्रोसॉफ्टचीच) टाकावं लागतं. फोन एनरोल करायची (कंपनीच्या ताब्यात नोंदवायची) गरज नाही, ते अ‍ॅप फक्त मध्यस्थ म्हणून लागतं. हे आधी समजावून सांगितलं नाही तर "बघा, कंट्रोल घेतलाच" अशी आवई उठते.

गंगापूर_धरण
वरचं सगळं करून बरेच जण एक भोक तसंच ठेवतात. नुसती पॉलिसी लावली तर माणूस फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये ऑफिसचं अकाउंट टाकतो आणि पॉलिसीला वळसा घालून निघून जातो. म्हणून लॉगिनच्या अटी ठरवणाऱ्या कंडिशनल अ‍ॅक्सेसमध्ये अँड्रॉइड आणि आयओएससाठी "अ‍ॅप प्रोटेक्शन पॉलिसी आवश्यक" ही अट लावा, ब्राउझरसकट. जुन्या पद्धतीने लॉगिन करणारे मेल क्लायंट वेगळ्या पॉलिसीने बंद करा.

त्याआधी सिक्युरिटी डिफॉल्ट्स (मायक्रोसॉफ्टची तयार सुरक्षा सेटिंग) बंद करावे लागतात. ते बंद झाले की दोन टप्प्यांचं लॉगिनही जातं, म्हणून त्याची पॉलिसी त्याच बैठकीत बनवा. एक आणीबाणीचं अ‍ॅडमिन अकाउंट अटींच्या बाहेर ठेवा, नाहीतर स्वतःच दाराबाहेर अडकाल. आधी रिपोर्ट-ओन्लीवर (अडवत नाही, फक्त नोंद करतं) ठेवून लॉग बघा, मग चालू करा.

अंबड_लिंकरोड
आभार. पण वर्क प्रोफाइल म्हणतात ते नको का? आणि हरवलेल्या फोनवरचा डेटा खरंच पुसला जातो?

सिन्नर_फाटा
अ‍ॅप प्रोटेक्शन न मानणारं ईआरपीचं अ‍ॅप किंवा व्हीपीएन फोनवर चालवायचं असेल तरच वर्क प्रोफाइल, म्हणजे अँड्रॉइडवर ऑफिसचा वेगळा कप्पा. त्यात ऑफिसची अ‍ॅप बॅगेच्या खुणेने वेगळी दिसतात, सुट्टीच्या दिवशी पूर्ण प्रोफाइल बंद ठेवता येतं, आणि खासगी बाजूचे फोटो किंवा मेसेज कंपनीला दिसत नाहीत. आयफोनवर याची बहीण म्हणजे यूजर एनरोलमेंट. मात्र त्यासाठीचं अ‍ॅपलचं पुश सर्टिफिकेट (आयफोनना आज्ञा पाठवायला लागणारं) दर वर्षी त्याच अ‍ॅपल आयडीने रिन्यू करावं लागतं. तो आयडी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर निघाला तर सगळे आयफोन परत एनरोल करायची पाळी येते.

पुसण्याबद्दल: वाइपची आज्ञा अ‍ॅप उघडून नेट मिळेल तेव्हाच पोचते. चोराने नेट बंद ठेवलं तर ऑफलाइन मुदतीवर (नेटशिवाय किती वेळ चालू द्यायचं) सगळं अवलंबून. नव्या पॉलिसीत पुसण्याची मुदत ९० दिवस असते, ती १५ वर आणा, आणि प्रवेश अडवण्याची ७२० मिनिटांवर. ऑडिटरला हे दोन आकडे लिहून द्या. "तत्काळ पुसतो" असं लिहू नका, पुढचा प्रश्न तिथेच येईल.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा क्रम महत्त्वाचा: साइन-इन ब्लॉक, मग वाइप, स्टेटस पूर्ण दिसलं की मग लायसन्स काढा. अकाउंट घाईने डिलीट करू नका.

मखमलाबाद_नाका
वायफायचं: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता दाखवत नाही, प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनवून देतो. त्यामुळे यादी लावणं वायाच आहे, काढून टाका. मेल आणि वनड्राइव्ह दोन्ही बाहेरच असल्याने फोनना कारखान्याच्या लॅनमध्ये काही काम नाही. वेगळा व्हीलॅन (त्याच वायरवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), फक्त इंटरनेट, क्लायंट आयसोलेशन (फोन एकमेकांना दिसू नयेत म्हणून) चालू. मधे कुठे साधा अनमॅनेज्ड स्विच बसवलेला असेल तर व्हीलॅनच्या टॅगचा भरवसा नाही, तो बदला. तपासणी सोपी: फोनवरून सीएनसी मशिनचा आणि प्रिंटरचा आयपी उघडून पाहा. उघडला तर व्हीलॅन नावापुरताच आहे.

गंगापूर_धरण
व्हॉट्सअ‍ॅप राहिलंच. ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय कुठल्याही पॉलिसीने मोडत नाही, कारण फोटो कागदी प्रिंटचा काढलेला असतो. शॉप फ्लोअरवर प्रिंट नंबर टाकून द्या, सह्या घेऊन परत घ्या, आणि ग्रुपऐवजी टीम्सचं चॅनल करा.

प्रत्येकाकडून मराठीत एक पानाचं संमतीपत्र घ्या: कंपनीला काय दिसतं (फोनचं मॉडेल, ओएस आवृत्ती), काय दिसत नाही (गॅलरी, लोकेशन, कॉल), काय पुसलं जाईल. त्यातच *#०६# वर दिसणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) त्यांनी स्वतःकडे लिहून ठेवावा असं सांगा. या पद्धतीत तो क्रमांक कंपनीच्या कन्सोलवर मिळेल असं धरू नका, आणि पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला तोच लागतो. डेटा फुटल्याचं लक्षात आलं तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ६ तासांत कळवायचं असतं, एप्रिल २०२२ चा आदेश आहे. कोण कळवणार त्याचं पद पत्रात लिहा.

अंबड_लिंकरोड
शाओमी आणि रिअलमीवर आउटलुकचे नोटिफिकेशन उशिरा येतात, ते याच्यामुळे वाढेल का?

मखमलाबाद_नाका
पॉलिसीचा संबंध नाही, त्या फोनचं बॅटरी सेव्हिंग अ‍ॅप मारतं. आउटलुक, टीम्स आणि कंपनी पोर्टल तिन्हींना ऑटोस्टार्ट द्या, बॅटरी "निर्बंध नाही" करा.