मदत हवी आहे: द्राक्षाच्या घरच्या पानांचा डोल्मा चिवट होतोय

बाटलीतल्या खारवलेल्या पानांचा डोल्मा (पानात भाताचं सारण गुंडाळून शिजवलेला पदार्थ) मी नेहमी करते, तो छान होतो. यंदा आमच्या द्राक्षवेलीला भरपूर पानं आली, म्हणून तीच वापरली. गुंडाळायला सोपी जातील म्हणून मोठी, गडद हिरवी बघून तोडली. उकळत्या पाण्यातून काढली, तांदूळ, कांदा, शेपू, पुदिना भरून पाऊण तास शिजवली. भात मऊ झाला, पण पान दातांनी ओढून तोडावं लागलं आणि शिरा दोऱ्यासारख्या तोंडात राहिल्या. तीन-चार गुंडाळ्या फुटल्याही.

दुसरं म्हणजे, आता कळलं की वेलीवर महिन्यापूर्वी बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं निळसर बुरशीनाशक) फवारलं होतं. पानं धुऊन चालतील का? मुलं आवडीने खातात, त्यामुळे हे आधी सांगा.

प्रतिसाद: ताई, फवारलेली पानं धुऊनही नकोत. औषधावर लिहिलेले थांबायचे दिवस घडांसाठी असतात, पान खाण्यासाठी नाही. बोर्डो वरवर बसतं, आत शिरत नाही, म्हणून फवारणीनंतर फुटलेले शेंडे घ्या. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारं औषध असतं तर तेही नको म्हटलं असतं.

गडद पान म्हणजे जून पान, ते कितीही शिजवा, चिवटच. शेंड्याची दोन पानं सोडून पुढची दोन-तीन खुडा: तळहाताएवढी, फिकट, चकचकीत. पालथं करून बघा, खाली दाट लव असेल तर तोंडात खरखरतं. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, रंग शेवाळी झाला की लगेच गार पाण्यात. चकचकीत बाजू खाली, शिरा वर, देठाकडे चमचाभर सारण. गुंडाळी सैल हवी, तांदूळ फुगतो. तुमच्या त्यानेच फुटल्या असणार. पातेल्यात तळाला फाटकी पानं, वर ताटली पालथी, मंद आचेवर तासभर. खारवलेलं पान मिठात मुरलेलं असतं, ताज्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

धागाकर्ती: आत्ताच वेलीपाशी जाऊन आले. बावीस पानं मिळाली. एका फुटव्याच्या पानावर निळसर डाग दिसले, तो अख्खा सोडला. एवढ्यात पातेलं भरणार नाही. पुढची येईपर्यंत ही उकळून फ्रीझरमध्ये ठेवू का?

प्रतिसाद: ठेवा. नीट निथळून, एकावर एक सपाट रचून पिशवीतली हवा काढा. बाहेर काढल्यावर मात्र बर्फ पूर्ण वितळेपर्यंत थप्पीला हात लावू नका, गोठलेलं पान तडकतं.