मंडळाच्या जुन्या मिनीडीव्ही टेप आणि डीव्हीडी

विषय: जुन्या टेपवरून डीव्हीडी, मदत हवी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या कपाटात गणेशोत्सवाच्या आणि नाटकांच्या 40 मिनीडीव्ही टेप आहेत, शिवाय थोड्या हाय-एट (त्याआधीच्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांच्या टेप). ज्येष्ठ सभासदांना आणि त्यांच्या भारतातल्या घरच्यांना डीव्हीडी हव्या आहेत. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींचं यूएसबी यंत्र लावून एका नाटकाची टेप घेतली. चित्र पुसट आलं, लाल रंग कडेनं पसरला, आणि अर्ध्या तासात संवाद ओठांच्या मागे पडायला लागले. टेप गेली की कॅमेरा? संगणकावर विंडोज 10 आहे.

विषय: उत्तर: जुन्या टेपवरून डीव्हीडी

ताई, दोन्ही शाबूत असणार. मिनीडीव्हीवर चित्र आधीच डिजिटल स्वरूपात असतं. पिवळ्या वायरीतून काढलं की कॅमेरा त्याचं अ‍ॅनालॉग करतो, ते यंत्र पुन्हा डिजिटल करतं आणि वर दाबून लहानही करतं. रंग तिथेच पसरतो. अशा स्वस्त यंत्रांत आवाज आणि चित्र बरेचदा वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, म्हणून संवाद मागे पडतात.

कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा सोनी असेल तर ‘आय-लिंक’ लिहिलेलं चार पिनांचं छोटं भोक शोधा. ते फायरवायर. त्यातून टेपवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. शेजारचं यूएसबी बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोंसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी असतं, ते विसरा. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी साधी केबल ऑनलाइन विकतात, ती डीव्हीसाठी चालत नाही. पैसे घालवू नका.

डेस्कटॉप असेल तर पीसीआय-एक्स्प्रेस फायरवायर कार्ड घ्या, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. केबल 4 पिन ते 6 पिन. सहा पिनांच्या टोकात वीज असते. उलटं दाबून बसवलं तर पोर्ट जळतं, म्हणून कॅमेरा बंद ठेवून, टोकाचा आकार पाहून लावा. विंडोज 8.1 पासून फायरवायरचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर काढून टाकलेला आहे. कॅमेरा ओळखला जात नसेल तर मायक्रोसॉफ्टचा तो ड्रायव्हर वेगळा उतरवून बसवा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये हातानं निवडा.

मग कॅमेरा बॅटरीवर न ठेवता अ‍ॅडाप्टरवर, ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’ अवस्थेत. विनडीव्ही हा छोटा फुकट प्रोग्रॅम पुरतो. त्यात ‘टाइप-2’ निवडा. तासाची टेप तासभरच चालते, घाई करता येत नाही. एका तासाला साधारण 13 जीबी लागतात, म्हणजे तुमच्या 40 टेपना 520 जीबी. 1 टीबीची डिस्क घ्या आणि ती एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करा. फॅट-32 असेल तर 4 जीबीला, म्हणजे 18-19 मिनिटांतच, फाइल अडते.

विनडीव्हीमध्ये ‘ड्रॉप्ड’चा आकडा शेवटपर्यंत शून्य राहिला पाहिजे. वाढला तर अँटिव्हायरस, बॅकअप, क्लाउडवर जाणारे फोटो, सगळं थांबवून ती टेप पुन्हा घ्या. फ्रेम गळल्या की तिथून पुढे आवाज सरकण्याची शक्यता असते.

या फाइलींचा आणखी एक मोठा फायदा आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर चित्रीकरणाची तारीख आणि वेळ टेपवरच्या माहितीत लपलेली असते, आणि विनडीव्ही ती फाइलच्या नावात घालतो. कुठल्या वर्षाचं अथर्वशीर्ष आणि कुठल्या वर्षाची आरती, हा वाद तिथेच मिटतो. डीव्हीडीसाठी एमपेग-2 (डीव्हीडीचं दाबलेलं व्हिडिओ-स्वरूप) केलं की ही माहिती जाते. म्हणून मूळ म्हणजे डीव्ही फाइल, डीव्हीडी फक्त वाटायची प्रत. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

विषय: उत्तर: उत्तर: जुन्या टेपवरून डीव्हीडी

दादांनी सांगितलं ते पाळाच. टेपबद्दल माझी थोडी भर.

टेप थंड गॅरेजमधून आणल्या असतील तर काही तास खोलीतच राहू द्या. लगेच घातल्या तर आत दव धरतं आणि टेप ड्रमला (कॅमेऱ्यातल्या फिरत्या नळकांड्याला) चिकटते. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. चित्रात एकाआड एक आडवे पट्टे गोठलेले दिसले तर ड्रमवरच्या, टेप वाचणाऱ्या दोन हेडांपैकी एक मळलंय. कोरडी क्लीनिंग टेप 10 सेकंद, तेवढंच. जास्त चालवली तर हेड झिजतं. ‘एलपी’वर (टेप हळू चालवून जास्त वेळ बसवणाऱ्या पद्धतीनं) घेतलेली टेप बरेचदा ज्या कॅमेऱ्यानं घेतली त्याच्यावरच नीट चालते, तेव्हा तो जुना कॅमेरा कोणाकडे आहे ते आधी विचारा.

एका सभासदांनी खासगीत विचारलं, पुण्यातल्या लग्नाची टेप इथल्या कॅमेऱ्यात का दिसत नाही? ती पाल (भारतातली टीव्ही-पद्धत) आहे, सेकंदाला 25 फ्रेमची. इथले कॅमेरे एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत), 29.97 फ्रेमचे. पाल कॅमेरा मिळवा. फायरवायर आणि संगणक तेच चालतात. मंडळाच्या टेप एनटीएससी आहेत, त्याची डीव्हीडीही एनटीएससीच करा. भारतातले बहुतेक प्लेअर ती चालवतात. उलट पाल डिस्क अमेरिकेतल्या अनेक प्लेअरना चालत नाही. फ्रेमचा वेग बदलायच्या फंदात पडलात तर हालचाल अडखळते.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जुन्या टेपवरून डीव्हीडी

आता डीव्हीडी. 4.7 जीबीच्या डिस्कवर दीड तासाला सुमारे 6500 आणि दोन तासांना सुमारे 4800 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) व्हिडिओ बसतो. आवाज एसी-3 (डॉल्बी) स्वरूपात, 192 केबीपीएस. तास-सव्वा तासाचा कार्यक्रम असेल तर 8000 च्या वर जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात.

नाटकाचा हिशोब मात्र वेगळा. रंगमंचावर उजेड कमी, कॅमेऱ्यानं अंधारात दाणे पाडलेले, आणि एमपेग-2 ला प्रत्येक फ्रेममध्ये हे दाणे नव्यानं लिहावे लागतात. 4800 मध्ये मागचा काळा पडदा चौकटी-चौकटींचा दिसतो. दोन तासांचं नाटक एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा मध्यंतराला तोडून दोन डिस्क करा. ड्युअल-लेअर (दोन थरांच्या) डिस्कवर जुने प्लेअर थर बदलताना थांबतात.

डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन फील्डमध्ये विभागलेली, खालची फील्ड आधी. एन्कोडरमध्ये (डीव्हीचं एमपेग-2 करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ ठेवा. उलटं झालं तर लेझीमवाल्यांचे हात टीव्हीवर थरथरतात. संगणकावर कंगव्यासारख्या रेघा दिसतात म्हणून डी-इंटरलेस करू नका, टीव्ही ते करतो. आवाज 12 बिट, 32 किलोहर्ट्झवर घेतलेला असेल तर आधी 48 करून घ्या; डीव्हीडीला तोच लागतो.

मेन्यूसाठी डीव्हीडीस्टायलर फुकट आहे. अशा प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप केलं की बरेचदा जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘श्री’ची वाट लागलेला मेन्यू आजी-आजोबांना देऊ नये. मजकुरासकट चित्र दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये 720 बाय 540 करा, मग 720 बाय 480 ला आणून पार्श्वभूमी म्हणून लावा. थेट 480 मध्ये केलं तर टीव्हीवर अक्षरं लांबट दिसतात. कडेनं दहा टक्के जागा मोकळी ठेवा, जुने टीव्ही कडा कापतात.

डीव्हीडी-आर घ्या, चांगल्या कंपनीची, 4 किंवा 8 वेगानं बर्न करून ‘व्हेरिफाय’ करा. कागदी स्टिकर नको, त्यानं डिस्क डगमगते आणि गरम प्लेअरमध्ये उचकटते. डिस्कसाठीच्या मार्करनं मधल्या पारदर्शक कड्यावर नाव लिहा.

हाय-एटसाठी सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा हवा; काही मॉडेल जुनी हाय-एट वाजवून फायरवायरमधून डीव्ही देतात, सगळी नाही. कोणाकडे असेल तर मॉडेल नंबर इथेच कळवा, मॅन्युअल पाहून सांगतो.