थेंबात खडे आले, पण ते प्रथिनाचेच का?

कृष्णाकाठची (सांगली)
बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) इथेनॉल करताना सेलोबायोज (सेल्युलोजचा दोन ग्लुकोजचा तुकडा) तोडून ग्लुकोज करायला बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम, म्हणजे एक प्रथिन, लागतं. ग्लुकोज साचलं की हेच एन्झाइम मंदावतं, म्हणून आम्ही त्यातलं एक अमिनो आम्ल बदलून ते ई. कोलाय या जिवाणूकडून करवून घेतलं. बदललेल्या जागी नेमकं काय झालंय ते एक्स-रेनं बघायचंय, त्यासाठी स्फटिक हवेत. हँगिंग ड्रॉप लावले, म्हणजे बंद खळग्यात खाली द्रावण आणि वर काचेला उलटा लटकलेला थेंब: १ मायक्रोलिटर प्रथिन (१० मिग्रॅ/मिली, फॉस्फेट बफरमध्ये) आणि १ मायक्रोलिटर खालचं द्रावण (२० टक्के पेग ३३५०, म्हणजे प्रथिनाला द्रावणातून बाहेर ढकलणारं पॉलिमर, आणि ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइड). दुसऱ्याच दिवशी चकचकीत खडे! मी पेढे आणायला निघाले होते, सर म्हणाले, थांब जरा. इनक्युबेटर २० अंशांवर असतो, म्हणजे लाइट असेपर्यंत.

मिरजवाला
फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र? पेढे राहू देत. कॅल्शियम फॉस्फेटच असणार ते. बारीक सुईनं टोच. मीठ असेल तर कट्टकन तडकेल. प्रथिनाचा खडा पाण्यानं भरलेला, मऊ, नुसता भुगा होतो. शिवाय प्रथिन न घालता निव्वळ बफरचा थेंब शेजारी लाव. प्लेट थर्माकोलच्या पेटीत ठेव, लाइट गेली तरी एकदम तापणार नाही.

कृष्णाकाठची
कट्ट वाजलं. रिकाम्या थेंबातही तेच खडे. फॉस्फेटऐवजी ट्रिस बफर घेऊन परत लावलं, तर आता सुयांचे झुपके. एकही उचलण्याजोगी नाही.

जुना पॅनमन (वाळवा)
पोरी, प्रथिन मला कळत नाही, पण ३१ सीझन कारखान्यात साखरेचा पॅन (पाक उकळून दाणा धरायचं भांडं) चालवलाय. पाक फार चढला की आपोआप भाराभर बारीक दाणा फुटतो. फॉल्स ग्रेन म्हणायचो आम्ही. मग पाकातली साखर इतक्या दाण्यांत वाटली जाते की एकही पोसत नाही. म्हणून पाक तिथवर चढूच द्यायचा नाही, त्याच्या जरा आधी स्लरी सोडायची, म्हणजे दळलेल्या साखरेचा पातळ लगदा. नवा दाणा फुटत नाही, सोडलेला तेवढा वाढतो. मधूनमधून काचेवर थेंब घेऊन उजेडात बघायचं.

मिरजवाला
काकांनी सीडिंगच (तयार दाण्याचं बी सोडणं) सांगितलं की! सुया खालच्या द्रावणात चिरड, त्याच द्रावणानं हजारपट पातळ कर. नव्या थेंबांत पेग दोन-तीन टक्के कमी ठेव आणि त्या पातळ केलेल्या द्रावणात बुडवलेली मांजराची मिशी थेंबातून एकदाच ओढ. गळलेली मिशी घे, उपटू नको. कधी कधी सुयांतून सुयाच येतात, ते आधीच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठची
मिशी शेजारच्या काकूंच्या बोक्याची. पाचव्या दिवशी ओढलेल्या रेघेवरच चार जाड दाणे, ओळीनं. एकाला सुई लावली. दबला, वाजला नाही. तीन शिल्लक आहेत. काका, फोटो टाकते, बघा.